दुसऱ्याने लिहिलेला आराखडा

*

न्यूझीलंडचा अन्न कायदा 2014चा. अंमल 1 मार्च 2016पासून. धंदा केवढा आहे यापेक्षा त्यातल्या अन्नापासून धोका किती, हे हा कायदा आधी पाहतो. नुसता पाव भाजणारा बेकरीवाला ‘नॅशनल प्रोग्रॅम’खाली येतो, त्याला लेखी आराखडा करावा लागत नाही. चिकन शिजवून वाढणाऱ्या लहानशा उपाहारगृहाला मात्र ‘फूड कंट्रोल प्लॅन’, म्हणजे अन्न सुरक्षित कसे ठेवणार याचा लेखी आराखडा, हवाच. हा न्याय मला पटतो.

*

आराखडा मिळवायच्या वाटा तीन. स्वतः लिहायचा, पण मग तो स्वतंत्र मूल्यमापकाकडून तपासून घ्यावा लागतो आणि छोट्या दुकानदाराला तो खर्च जड जातो. नाहीतर प्राथमिक उद्योग मंत्रालयाचा तयार नमुना घ्यायचा. तिसरी वाट कलम 40ची: एखादी व्यवसाय-संघटना किंवा अनेक शाखांची कंपनी नमुना लिहिते, मंत्रालय तो पारखून मंजूर करते, आणि मग सभासद किंवा शाखा तो वापरतात.

*

ही तिसरी वाट मोलाची आहे, कारण धंद्यातले बारकावे धंदा करणाऱ्यालाच ठाऊक असतात. मंत्रालयालाही याची जाण आहे. त्याच्या स्वतःच्या नमुन्यात सुशी, डोनर कबाब आणि चिनी पद्धतीने भाजलेले बदक यांच्यासाठी वेगळी पाने आहेत. सुशीच्या भातात व्हिनेगर चवीसाठी असते तसेच जंतू रोखण्यासाठीही असते.

*

भाताचे आणखी थोडे. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात ओट्यावर तासन् तास राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. मग सकाळी कितीही खमंग फोडणी द्या, ते विष जात नाही. म्हणून नियम असा: शिजलेले अन्न 60 अंशांवरून 21वर 2 तासांत, आणि तिथून 5वर पुढच्या 4 तासांत आले पाहिजे. ते कसे आणायचे, हे रोज भात करणाऱ्याला विचारावे. तो सांगेल, परातीत पातळ पसरा.

*

इंग्लंडमध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ ही पुस्तिका काढली. तिची भारतीय पदार्थांसाठी वेगळी आवृत्ती आहे. युरोपीय संघाच्या 2004च्या 852 क्रमांकाच्या नियमावलीतही व्यवसायांनी आपापली मार्गदर्शिका लिहावी आणि सरकारने ती तपासावी, अशी सोय आहे. जाणकाराने लिहावे, सरकारने पारखावे, हा विचार अनेक देशांनी स्वीकारला आहे.

*

सरकारी मंजुरी मिळते ती कागदाला. तुमच्या फ्रिजचे दार नीट लागते का, कच्च्या कोंबडीची सुरी कोथिंबिरीला लागते का, हे त्या मंजुरीत येत नाही. नमुना कोणीही लिहिलेला असो, जबाबदारी धंदा चालवणाऱ्याचीच. आपल्या स्वयंपाकघरात जे होते तेवढेच भाग नमुन्यातून निवडायचे, आणि जे लिहिले ते रोज करायचे.

*

नमुना घेऊन नोंदणी केली की पहिली तपासणी साधारण 6 आठवड्यांत होते. तपासनीस फाइल चाळतो, तसाच शेगडीपाशी उभ्या असलेल्या पोरालाही विचारतो: चिकन शिजले हे कशावरून ओळखतोस? त्याला ‘आत थर्मामीटर घालून 75 अंश पाहतो’ हे सांगता आले, तर आराखडा त्या पोरापर्यंत पोचला. निकाल चांगला असेल तर पुढची तपासणी 18 महिन्यांपर्यंत लांबते. वाईट असेल तर 3 महिन्यांत पुन्हा दारात.

*

ऑकलंडमध्ये, वेलिंग्टनमध्ये डबे देणाऱ्या, फराळ करणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगणे. इडलीचे पीठ किती आंबवावे, श्रीखंडाचा चक्का कुठे टांगावा, पुरणपोळी किती दिवस ठेवावी, हे ज्ञान तुमच्यापाशी आहे. चारचौघे एकत्र या, एखाद्या अन्नतज्ज्ञाला सोबत घ्या, प्रत्येक पदार्थामागचे कारण आणि तापमान लिहून काढा, आणि मंजुरीसाठी मंत्रालयापुढे ठेवा. कायद्याने तो दरवाजा उघडा ठेवला आहे. त्यातून जाणे आपल्या हातात आहे.