सरकारचे जावई

सासुरवाडीत आम्हाला कुणी नीट पाट मांडला नसेल, पण सरकारचे जावई म्हणून आमची ख्याती मोठी. नोकरी लागली, जावई. पोराची फी माफ झाली, जावई. आणि सरकारी चाळीत राहतो म्हणून तर थेट घरजावई. नोकरीच्या आणि फीच्या टोमण्याला आपल्या माणसांनी पुष्कळ उत्तरं दिलीत. घराच्या टोमण्याला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून हा कागद. घर गळतं तेव्हा पैसा कुणाचा जातो, एवढंच बोलायचं.

आमची चाळ सरकारी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, टोकाला नळ आणि संडास. दहा बाय सोळाची खोली, त्यात आम्ही नऊ माणसं. चाळीचं नाव लिहीत नाही. तुम्ही कुठलंही घाला, चालून जाईल.

गल्लीपलीकडं ओनरशिपची इमारत. चोवीस बिऱ्हाडं, दारावर पितळी पाट्या, गॅलरीत तुळस. आमच्या बोळातल्या बाया तिथं धुणीभांडी करायच्या, माझी आईसुद्धा. त्यामुळं त्यांच्या घरात काय शिजतं आणि काय गळतं, दोन्ही आम्हाला पाठ. आमच्याकडं काय गळतं ते बघायला तिकडून कधी कुणी आलं नाही.

१९९१ साली त्या इमारतीच्या गॅलऱ्यांतलं लोखंड गंजून बाहेर आलं. सोसायटीनं दुरुस्ती काढली. घरटी चाळीस हजार. तेव्हाचे चाळीस हजार म्हंजे चेष्टा नाही. एका पेन्शनर मास्तरानं बायकोच्या पाटल्या मोडल्या. ज्याला भरता आले नाहीत त्याचं नाव जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. थकबाकीदार. आई भांडी घासून यायची आणि सांगायची, आज फळ्यावर अमक्याचं नाव लागलंय, घरात कुणी जेवलं नाही.

नेमक्या त्याच हिवाळ्यात आमच्या चाळीला परांच्या लागल्या. सरकारी काम. झालं! मास्तरांच्या मालकीणबाई आईला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो बाई. आम्ही पाटल्या मोडून भिंती लिंपायच्या आणि तुम्हाला सरकार फुकट लिंपून देणार. आमच्याच टॅक्समधून."

आई म्हणाली, "व्हय वहिनी, लिंपतंय खरं. पर धा वर्सं वाट बघून."

वहिनींना ते कळलं नाही. कळावं कसं? त्यांच्याकडं गळलं तर सोसायटीची मीटिंग भरते. आमच्याकडं गळलं तर अर्ज.

अर्ज म्हंजे काय ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. बाप संपात. घरात पगार बंद. त्याच पावसाळ्यात आमच्या छताचा पापुद्रा सुटला आणि धाकट्या बहिणीच्या अंथरुणावर पडला. ती नळावर गेली होती म्हणून आज नातवंडं खेळवतेय. बापानं अर्ज केला. ज्या खात्याकडं दुरुस्ती होती तिथं तो चौदा महिने खेटे घालत होता. साहेब साइटवर गेलेत. बजेट संपलं. तुमचा कागद वरती गेला. वरनं कागद खाली आला, पण सही राहिली. बाप अंगठेबहाद्दर नव्हता, चौथी शिकलेला, पण त्या हापिसात त्याला रोज नव्यानं अडाणी केलं जायचं. आणि खात्याची भाषा अशी की जणू आम्ही जेवणाचं आमंत्रण मागायला आलोय. "फुकटात राहता वर घाई कशाला?" हे शिपाई बोलला. साहेब बोलला नाही, हसला.

शेवटी आईचं डोरलं गहाण पडलं. सिमेंट आलं, वाळू आली, बाप आणि दोन शेजारी रात्रीचे उभे राहिले आणि छत लिंपलं. पलीकडं आठ-नऊ वर्षांनी पाटल्या मोडल्या, इकडं डोरलं आधीच गेलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या पाटल्यांची पावती मिळाली. सोसायटीच्या वहीत ती जमा आहे. आमचं डोरलं कुठल्याच वहीत नाही.

आणखी सांगतो. बोळातला दिवा गेला, वर्गणी. संडास तुंबला, वर्गणी. नळाची तोटी गेली, जिन्याची पायरी तुटली, वर्गणी. आधी खोलीमागं दोन रुपये, मग पाच, मग वीस. भाडं वेगळं, ते सरकारात जमा. चाळीस वर्षांची ही वर्गणी कुणी बेरीज करून बघितली का? आम्हीसुद्धा नाही केली. गरिबाचा खर्च खर्चात धरायचा नाही, ही सवय आम्हालाही लागलेली.

मालकाच्या आणि भाडेकरूच्या खर्चात आणखी एक अंतर आहे, ते कुणी बोलत नाही. मास्तरांचे चाळीस हजार भिंतीत गेले, पण भिंत त्यांची. घराची किंमत वाढली, ते पोरांना मिळालं. आज त्या घराचे कोट मागतात. आमच्या बापाचं सिमेंट भिंतीत गेलं, पण भिंत सरकारची. बाप मेल्यावर पावतीवर आमचं नाव चढवायलाच पुन्हा अर्ज. म्हंजे दुरुस्तीचा खर्च त्यांना जड गेला हे खरं, पण ती त्यांची पुंजी झाली. आमचा खर्च नुसता गेला.

आता टॅक्सचं बोलू. आमच्याच टॅक्समधून, असं वहिनी म्हणाल्या. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी कशा उभ्या राहिल्या ते बघा. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या काळात डेव्हलपमेंट खातं निघालं. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरलं. झाल्या साधारण सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर गाठीमागं एक रुपया कर बसवला. अशाच गाठी माझा आज्जा गिरणीत फोडायचा. विणखात्यात पगार बरा, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्यात घालावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा त्यांना बाटका. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. म्हंजे कमी पगाराच्या खात्यात आम्हाला कोंडलं, त्या पगारात सुरुवातीचं भाडं परवडेना म्हणून हजारो खोल्या रिकाम्या पडल्या, आणि पुढं भाडं उतरलं तेव्हा आम्ही फुकटे! कापूस फोडणारा कोण, विणणारा कोण, गाठी वाहणारा हमाल कोण? टॅक्स फक्त पॅनकार्डवाल्याच्याच खिशातनं जातो का?

त्याच डेव्हलपमेंट खात्यानं त्याच वर्षांत दुसरं एक काम हाती घेतलं होतं. बॅकबेला समुद्र हटवायचं. त्यात इतका सरकारी पैसा बुडाला की नरिमनांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणलं. त्या भरावावर पुढं मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. समोर समुद्र, वर वारा. खातं एक, सरकारी तिजोरी एक. पण मरीन ड्राइव्हवाल्याला सरकारचा जावई म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? मी नाही ऐकलं.

बरं, समुद्र सोडा. गिरगाव, दादर, परळच्या मालकी चाळी घ्या. तिथं बहुतेक पांढरपेशे आणि बरे कामगार. १९४७ च्या भाडेकायद्यानं त्यांचं भाडं १९४० च्या आकड्यावर गोठलं. मालक म्हणाला, एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. इमारती पडायला लागल्या, माणसं मेली. तेव्हा १९६९ साली सरकारनं कायदा केला, दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर बसवला. एकोणीस हजारांवर इमारती त्यात आल्या. मंडळ पुढं म्हाडात गेलं. उपकरानं भागत नाही म्हणून सरकार आणि महापालिका त्यात भर घालतात. त्या इमारती खाजगी मालकाच्या, पण टेकू सरकारी, गिलावा सरकारी. माझी त्याला ना नाही. माणूस ढिगाऱ्याखाली मरू नये, एवढं सरकारनं केलंच पाहिजे. पण तिथं त्याला नाव उपकर, आणि आमच्याकडं तेच केलं की नाव फुकट. गिलावा तोच, सिमेंट तेच. बदललं काय? आतल्या माणसाची जात.

ओनरशिपवाल्यालाही सरकार काही देतंच. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. माझ्या बँकेतला टेबलाशेजारचा साथी दर मार्चमध्ये तो कागद भरायचा आणि भरता भरता मला म्हणायचा, "अरे, तुमचं काय, मजा आहे तुमची." मी म्हटलं, "तुझी वजावट आणि माझा गिलावा, दोन्ही एकाच गोणीतनं येतात रे." तो म्हणाला, "तसं नसतं ते." कसं असतं ते त्यानं निवृत्त होईपर्यंत सांगितलं नाही. माणूस वाईट नव्हता. माझ्या आईच्या मयताला स्मशानात शेवटपर्यंत थांबला. पण घराचा हप्ता भरताना त्याच्या मनात जी जळजळ व्हायची, तिला बाहेर पडायला माझंच दार सापडायचं. बिल्डरचं सापडलं नाही, बँकेचं सापडलं नाही.

आणि म्हणे, तुम्हीपण घ्या की विकत, कुणी अडवलंय? आडनाव विचारून दार लावणारे अडवतात. २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की सोसायटीला सभासदत्व आपल्याच लोकांपुरतं ठेवता येतं. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. आम्हाला एवढं कळतं की मालकीचा बाजार सगळ्यांना उघडा नाही, आणि बाहेर ठेवलेल्या माणसालाच पुन्हा विचारतात, तू आत का नाहीस?

१९९१ च्या त्या परांच्यांचं एक राहिलं. पलीकडच्या इमारतीचं काम संपलं आणि तेच बांबू, तीच सुंभाची दोरी गल्ली ओलांडून आमच्या चाळीला लागली. कंत्राटदार एकच होता. वाळू जास्त आणि सिमेंट कमी, हा हिशोबही एकच. दोन पावसाळ्यांत दोन्हीकडचा गिलावा फुगला. तेव्हा मास्तरांनी आणि माझ्या बापानं मिळून त्या कंत्राटदाराची गचांडी धरायला पाहिजे होती. ते झालं नाही. मास्तर आमच्याकडं बघून जळत राहिले, आम्ही त्यांच्याकडं बघून. घमेली वाहणाऱ्या पालमुरी बाया दोन्ही इमारती लिंपून रात्री फुटपाथवर झोपायच्या. त्यांच्या छताचा अर्ज कुठं करायचा?

बाबासाहेबांचं आठवा. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी वीसेक वर्षं काढली. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हंजे सार्वजनिक पैशाचीच. तिथं राहून त्यांनी महाड केलं. नंतर दादरला राजगृह बांधलं, पुस्तकांसाठी. भाड्याच्या चाळीत होते तेव्हा ते फुकटे नव्हते आणि राजगृहात गेले म्हणून चाळीतल्या माणसाला त्यांनी परकं केलं नाही. आपल्याला हे आज फार लागणार आहे.

का, ते सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांतनं पाचशे फुटांत. डोळे भरून यावेत अशीच गोष्ट. माझी आतेबहीण तिकडंच. तिनं विचारलं, "दादा, घर मोठं मिळालं रं. पण लिफ्टचं, पंपाचं, वाचमनचं आज ना उद्या आपल्यालाच भरावं लागंल. माझी पेन्शन केवढी? मला न्हाई जमलं तर?"

मी गप्प झालो. कारण आमच्या चाळीतही आता टॉवरच्या बैठका चालू आहेत. मागच्या बैठकीत एक शिकलेला पोरगा उठला. आमच्याच बोळात वाढलेला, त्याच्या आजीनं माझ्या आईबरोबर भांडी घासलेली. म्हणाला, नव्या सोसायटीत शिस्त पाहिजे, जो मेंटेनन्स भरणार नाही त्याचं नाव फळ्यावर लावा. पुढं म्हणाला, नाल्याकडचे झोपडीवाले नुसते फुकटात घर मागतात, त्यांना आपल्या बाजूला देऊ नका.

टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांत वहिनींचा आवाज ऐकू आला. शब्द तोच, फक्त आता आमच्या तोंडात.

मी उठलो आणि बोललो ते इथं लिहून ठेवतो, म्हंजे उद्या कुणी नाकारायला नको. दुरुस्तीचा हिशोब दर महिन्याला दारावर लावा, कंत्राटदाराला दिलेला पैसा पैशासकट लावा. ज्याची पेन्शन तुटपुंजी त्याचा वाटा कमी करा, आणि सुरुवातीपासूनच त्यासाठी वेगळी शिल्लक काढा. सरकार जे देणं लागतं ते भांडून घ्या, लाजू नका. झोपडीवाल्याच्या छताचं भांडण आपलं समजा. आणि माणसाचं नाव फळ्यावर लावू नका. शिवाशिवीच्या काळात आपली जागा गावाबाहेर दाखवलेली, तेवढी पुरे.

निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. पोरगा येणार आहे, मीही जाणार आहे.