पंचांचे घर

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारत जिंकला, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. पंच कोण होते, हे मात्र किती जणांना आठवते? ऑस्ट्रेलियाचे सायमन टॉफेल आणि पाकिस्तानचे अलीम दार.

टॉफेल २००४ पासून सलग पाच वर्षे सर्वोत्कृष्ट पंच ठरले होते. कसोटीचे दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत, असा दंडक २००२ मध्ये आला आणि मायदेशातील कसोट्या त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच झाल्या. कसोटी म्हटली की परदेशगमन आलेच. दिवसाला ५४० चेंडू, त्यांवर खिळलेले मन आणि रात्री हॉटेलातील परकी खोली. २०१२ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून ते निवृत्त झाले. आम्हांला हा निर्णय त्यांच्या पाचही पुरस्कारांहून मोठा वाटतो.

दार यांची हकिगत मात्र काळीज चिरणारी आहे. २००३ च्या विश्वचषकासाठी ते दक्षिण आफ्रिकेत असताना इकडे घरी त्यांची तान्ही कन्या वारली. कामात खंड पडू नये म्हणून घरच्यांनी ती वार्ता त्यांना लगेच कळू दिली नाही. त्या माउलीने काय सोसले असेल!

आमच्या वसईच्या धर्मग्रामांतही कित्येक बाप आखातात वा जहाजावर असतात. घरात मृत्यू घडला की कळवावे की नाही, असे विचारीत माणसे आमच्याकडे येतात. "तिकडे एकटा खचेल तो, फादर." आम्ही कळवा म्हणतो. दफनाला तो पोहोचणार नाही, हे ठाऊक असते; फोन मात्र त्याच रात्री लावायला सांगतो.