तिखट कुणाचं खरं?

लग्नानंतर मी पुण्याहून जबलपूरला आले आणि सासूबाईंनी माझी पहिली परीक्षा घेतली ती मिरचीची.

चैत्रात वर्षाची मिरची घ्यायला आम्ही दोघी बडा फुहाऱ्याच्या बाजारात जायचो. मला माहेरच्या ब्याडगीची सवय. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा. सासूबाई नागपूरकडच्या, त्यांचा जीव भिवापुरीत. दुकानदार मात्र निमाडातली, बेडियाच्या मंडीतली मिरची पुढे करायचा. सासूबाई ती कानाशी हलवून पाहायच्या. बी खुळखुळलं नाही, तर मिरची ओलसर म्हणून परत!

२०११ मध्ये ब्याडगीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी ती बातमी मिरवली. सासूबाई म्हणाल्या, "तो कागद आमटीत घालायचा का गं?"

पुढे आजारपणात डॉक्टरांनी त्यांचं तिखट कमी करायला सांगितलं. फिकी आमटी पाहून त्या ताट सरकवू लागल्या. मला राहवेना. मिरचीचा जाळ बियांत नसतो, बिया जिला चिकटतात त्या आतल्या फिकट शिरेत असतो, हे मी वाचलं होतं. भिवापुरी मिरच्या चिरून शिरा काढल्या, त्यात ब्याडगी मिसळली आणि तिखट कुटलं.

सासूबाईंनी आमटीचा भुरका मारला. "रंग तुझा, चव माझी," म्हणाल्या आणि पुन्हा वाटी पुढे केली.

आज त्या नाहीत. तिखट मात्र मी तसंच करते. मिरची जीभ पोळायला नसते, जेवण गोड लागावं म्हणून असते, हे मला त्या वाटीने शिकवलं.