आजी म्हणाली, खिडकी उघड

गाडीच्या टपावर पडणारा पाऊस ऐकत तुम्ही कधी झोपला आहात? मला ती हौस होती. गेल्या जुलैत ती फिटली, आणि जवळजवळ महागात पडली.

बाबांच्या बदलीमुळे आम्ही म्हैसूरला आलो. इथे बाबांना एक कंपू मिळाला. चार-पाच कुटुंबं, दोन मराठी, बाकी कन्नड आणि मल्याळी. दोघांच्या स्वतःच्या कॅम्परव्हॅन आहेत, उरलेले भाड्याने घेतात. महिन्या-दोन महिन्यांतून एक शनिवार-रविवार कुठेतरी जायचं, गोलात गाड्या लावायच्या, एकत्र जेवायचं. तर या खेपेला ठरलं कोडगू, म्हणजे आपलं कूर्ग. कुशालनगरच्या पुढे एका कॉफीच्या मळ्यात परवानगी मिळाली होती. "जुलैत कूर्ग?" असं आजीने विचारलं, ते कोणी मनावर घेतलं नाही.

आमचा गोंधळ असा झाला की आम्ही म्हैसूरचं आभाळ बघून निघालो. म्हैसूरचा पाऊस शहाणा आहे, संध्याकाळी येतो, झाडं धुतो आणि जातो. पण हुणसूर, बैलकुप्पे ओलांडून पश्चिमेकडे सरकलात की गोष्ट बदलते. मडिकेरी इथून जेमतेम 120 किलोमीटर, पण तिथे म्हैसूरच्या तीन-चार पट पाऊस पडतो. ऑगस्ट 2018 मध्ये तिथे डोंगर खचले होते, म्हणून बाबांनी जागा निवडताना फार काळजी घेतली. उतार नको, ओढा जवळ नको, गाडीवर मोठं झाड नको. सगळं बघितलं. जे बघायला हवं होतं, ते कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

शनिवारी दुपारी पोचलो तेव्हापासून पाऊस थांबलाच नाही. आभाळ भरलेलं, त्यामुळे टपावरचं सोलर पॅनेल निकामी. संध्याकाळपर्यंत बॅटरी संपत आली. गटातल्या एका काकांकडे छोटा पेट्रोल जनरेटर होता. तो भिजू नये म्हणून आमच्या व्हॅनच्या कडेला, बाहेर ताणलेल्या ताडपत्रीखाली ठेवला. खिडकीपासून दोन-तीन हातांवर. आणि तो कोणासाठी चालू होता, सांगू? माझ्या लॅपटॉपसाठी. सोमवारी सकाळी मला एक लेख द्यायचा होता. विषय, पावसाळी सहलीसाठी दहा टिप्स. हसू नका.

पाऊस आत येत होता म्हणून मी सगळ्या खिडक्या लावल्या. आजी मूळची बेळगावची. ती म्हणाली, "उघड की गं ती खिडकी, जीव कोंडतोय." मी म्हटलं, "आजी, अंथरूण भिजेल." दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा चढ्या आवाजात.

साधारण दहाच्या सुमारास आईचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. आम्हाला वाटलं, गाडीच्या वळणांमुळे असेल, नाहीतर दुपारची भजी. माझंही कपाळ ठणकत होतं, ते मी स्क्रीनवर ढकललं. बाबा आडवे पडून म्हणाले, "मलाही जड वाटतंय." एवढ्यात आई उठायला गेली आणि खाली बसली. पाय लटपटत होते.

आजीने दार उघडलं. पाऊस, वारा, सगळं आत. ती ओरडली, "आधी सगळे बाहेर! ते मशीन बंद करा!"

आम्ही छत्र्यांशिवाय चिखलात उभे राहिलो. भिजत भिजत आजी सांगत होती. बेळगावला त्यांच्या वाड्यात न्हाणीघरात कोळशाचा बंब असे. थंडीच्या दिवसांत शेजारची सून दार-झरोके लावून आंघोळीला बसली आणि आत बेशुद्ध पडली. तेव्हापासून आजीच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. बंद जागेत सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं तर कारण पोटात शोधायचं नाही, हवेत शोधायचं.

कंपूतल्या एका काकांनी आम्हाला कुशालनगरला नेलं. बाबांना गाडी चालवू दिली नाही, ते बरंच झालं. डॉक्टरांनी आईला ऑक्सिजन लावला, विचारपूस केली आणि म्हणाले, लक्षणं कार्बन मोनॉक्साइडची दिसतात. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपेत असलात तर जागही येत नाही.

नंतर मी वाचत बसले. आमच्या सहलीआधीच्या डिसेंबरात, 2024 मध्ये, केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली होती. जनरेटरचा वायू आत शिरला होता. वडकरा म्हणजे आमच्यापासून डोंगराच्या पलीकडेच. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून पुढे सरकवली होती.

एक गोष्ट मात्र आजीला मी हळूच सांगितली. जनरेटर खिडकीला चिकटून असेल तर नुसती खिडकी उघडून भागत नाही, उलट धूर तिथूनच आत येतो. तो किमान 20 फूट लांब हवा, तोंड गाडीकडे नको, ताडपत्रीखाली तर नकोच. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी आत पेटवायची नाही. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून तर मशीन बंद करा म्हणाले. तेवढं ऐकलंत, नशीब माझं."

माझा दहा टिप्सचा लेख एक दिवस उशिरा गेला. त्यात अकरावी टिप घातली. संपादकांनी विचारलं, शीर्षकात दहा आहे, एक काढू का? मी म्हटलं, रेनकोटची काढा.

दिवाळीनंतर कंपू पुन्हा निघाला, या वेळी काबिनीकडे. बाबांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत घेतला, छोटासा, पांढरा. आजीच्या उशाशी लावला. रात्री तिने तो दोनदा हलवून बघितला, चालू आहे ना म्हणून. मग खिडकीही बोटभर उघडी ठेवली.