धाकटीची वही आणि आईचा भार

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. ठाण्याला एका हॉलमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या स्पर्धा होत्या आणि आमच्या धाकटीची ती पहिलीच लढत होती. वय तेरा, वजन त्रेचाळीस किलो. लढत चार मिनिटांची असते, तिची दीड मिनिटात संपली. समोरच्या मुलीने तिचे पाय बाजूला सारले, आडवी होऊन छातीवर भार टाकला आणि आमच्या पोरीने मॅटवर थाप मारली. थाप मारणे म्हणजे हार कबूल करणे. हात पिरगळलेला नव्हता, गळा धरलेला नव्हता. नुसत्या भाराने ती हरली.

त्या वेळी बापाने काय करावे? पाण्याची बाटली पुढे करावी. मी काय केले? चार लोकांत म्हणालो, "एवढ्यात थाप मारलीस? काही धरलंसुद्धा नव्हतं तिनं!"

ती काही बोलली नाही. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मुंब्रा गेल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, मला श्वासच घेता येत नव्हता. मला वाटलं, मी आता मरते." हे लिहिताना आजही मला शरम वाटते. पण लिहायचे तर खरे लिहावे.

आमचे घर कल्याण पूर्वेला, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर आहे, तिची आई पॅकिंगच्या कामाला जाते. शिकवणीच्या वर्गाशेजारी एका हॉलमध्ये हा क्लास सुरू झाला. आधी पोरगी दारातून बघत उभी राहायची, मग आत गेली. सर तरुण आहेत. फी त्यांनी दोन हप्त्यांत घ्यायचे कबूल केले. मला वाटले, कराट्यासारखे काहीतरी असेल, हातपाय मोकळे होतील. प्रत्यक्षात सगळे जमिनीवरचे काम निघाले. लाथ नाही, ठोसा नाही. धरायचे, पाडायचे, दाबून ठेवायचे, सांध्याला किंवा गळ्याला पकड घालून थाप मारायला लावायचे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. लहानपणी जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेला माणूस. आमच्या डोक्यात एकच हिशोब पक्का : पाठ टेकली की कुस्ती संपली. चीतपट म्हणजे हार. त्यामुळे पोरगी पाठीवर पडली की माझा जीव खाली-वर व्हायचा, आणि घरी आल्यावर मी तिला सांगायचो, "काहीही कर, पण खाली पडू नकोस." इथेच माझे चुकत होते. या खेळात पाठ टेकली तरी काही संपत नाही. खालच्या माणसाने पाय आपल्या आणि वरच्याच्या मध्ये ठेवले असतील तर त्याला गार्ड म्हणतात, आणि तिथून तो वरच्याला उलटवूही शकतो, पकडही घालू शकतो. वरचा जेव्हा पाय ओलांडून बाजूने छातीवर येतो, तेव्हा खरी अडचण. त्या जागेचे नाव साइड कंट्रोल. आमची पोरगी तिथेच गुदमरली होती.

हा खेळ ब्राझीलमध्ये कसा गेला ती हकिकत सरांनी मला सांगितली, ती मला आवडली. जपानमध्ये कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूतून जुदो उभा केला. त्यातल्या 'जू' या अक्षराचा अर्थ मऊपणा, नमते घेणे. कोदोकानमध्ये तयार झालेले माएदा मित्सुयो १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलें शहरात राहिले. त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसकडे आली. पुढे रिओत त्यांची शाळा सुरू झाली. धाकटा भाऊ हेलियो बांध्याने किरकोळ होता. या मंडळींनी जमिनीवरच्या कुस्तीवर सगळा भर दिला. हेलियोच्या मुलाने, रॉयस याने, १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हर शहरी एकाच रात्री आपल्याहून वजनदार तीन गड्यांना हरवले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. किरकोळ अंगाच्या माणसाला वजनदार माणसाखालून सुटता आले पाहिजे, यावर हा खेळ पोसला आहे. मी मात्र पोरीला 'खाली पडू नकोस' सांगत बसलो होतो.

स्पर्धेनंतर मी तिच्या मागे लागलो. खालून सुटायची एक हालचाल आहे. पाय रोवून कंबर मागे सरकवायची, अंग कोळंबीसारखे वाकते. इंग्रजीतही तिला कोळंबीच म्हणतात. मी चाळीच्या गॅलरीत तिला रोज शंभर कोळंब्या काढायला लावल्या. पन्नास जाताना, पन्नास येताना. शेजारपाजारची पोरे हसायची. मी स्टुलावर बसून मोजायचो. दोन महिने हे चालले. क्लासमध्ये फरक शून्य. कोणी छातीवर आले की पोरगी पहिल्यासारखीच डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी मी सरांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "काका, त्या शंभरात एकदा तरी तिच्या अंगावर कुणी होतं का?"

मी गप्प झालो. पुढे त्यांनी विचारले, "तुम्ही फिटर ना? तुम्हाला कसं शिकवलं?"

आता सांगायचे म्हणजे, आयटीआयमध्ये आम्हाला पहिले काही महिने लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस मारायला लावली होती. हात सोलून निघायचे. पण आमच्या मास्तरांनी कानस किती वेळा मारली हे कधी विचारले नाही. ते तुकडा हातात घ्यायचे, त्यावर ट्रायस्क्वेअर लावायचे आणि उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला की तुकडा परत. कुठे उंचवटा आहे तेवढे बोटाने दाखवायचे. पुढच्या वेळी कानस तिथेच चालवायची, सगळीकडे नाही. हे मला तीस वर्षे पाठ होते आणि पोरीच्या बाबतीत सुचले नाही. मी नुसता आकडा मोजत बसलो.

सरांनी सांगितलेली रीत अशी. सबंध कुस्ती खेळायचीच नाही. जिथे आपण हरतो तिथूनच सुरुवात करायची, म्हणजे जोडीदार आधीच छातीवर आडवा. सुटलो की थांबायचे, परत त्याच जागी यायचे. दहा वेळा. किती वेळा सुटलो आणि कुठे अडलो ते वहीत लिहायचे. जोडीदाराने आधी नुसते पडून राहायचे, मग एकच ठरलेला प्रतिकार करायचा, मग दोन-तीनपैकी कुठलाही, न सांगता. क्लासमध्ये वेळ कमी आणि पोरे जास्त, म्हणून हे घरी करा. मात्र गळ्याच्या आणि सांध्यांच्या पकडी घरी अजिबात नाहीत, त्या सरांच्या नजरेखालीच. थाप मारली की त्या क्षणी उठायचे.

आता जोडीदार कोण? मी अठ्ठ्याहत्तर किलो, माझा उपयोग नाही. थोरला नोकरीच्या शोधात बाहेर. राहिली तिची आई, वजन एक्कावन्न. ती या प्रकाराच्या आधीपासून विरोधात. "पोरीच्या जातीला हे कशाला हवं? दात पडला तर?" असे तिचे बोलणे. पण गाडीतले ते वाक्य मी तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ भांडी घासत राहिली आणि मग म्हणाली, "मला काय करायचं ते दाखवा."

पहिल्या दिवशी गादीवर केले. कापसाच्या गादीत कंबर रुतते, सरकत नाही. मग फोमचे एकमेकांत अडकणारे चौकोनी तुकडे आणले. खाट भिंतीला उभी केली की ते बरोबर मावत. रात्री जेवणे उरकून तासाभराने आमचे काम सुरू व्हायचे. आई ओढणी कमरेला बांधून आडवी व्हायची, मी वही आणि पेन घेऊन बाजूला.

पहिल्या आठवड्यातली पाने बघण्यासारखी आहेत. दहापैकी आठ. दहापैकी नऊ. दहापैकी दहा. मी खूष. आणि क्लासमध्ये? एकदाही सुटली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरगीच चिडली. "आई, मी नुसती हलले की तू उठतेस. तू मला सोडतेस."

"मग काय पोटच्या पोरीला दाबून धरू?"

"तिथली मुलगी सोडत नाही ना. मला इथं गुदमरू दे, नाहीतर तिथं गुदमरेन."

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्या रात्रीचे पान कोरे आहे.

पुढच्या रविवारी आई स्वतः क्लासला गेली. सरांनी तिला भार कसा टाकायचा ते शिकवले. गुडघे जमिनीला टेकवले की आपले वजन जमीन घेते, म्हणून पायाच्या चवड्यांवर यायचे आणि छातीने छातीवर बसायचे. खांदा तिच्या जबड्याशी लावायचा, म्हणजे तोंड पलीकडे वळते आणि अंगाला इकडे वळता येत नाही. त्या रात्री आईने खरा भार टाकला. पोरीने दहात पाच वेळा थाप मारली, सुटली एकदा. आईचे डोळे भरले होते, पण पाच सेकंद थांबून ती परत आडवी झाली. वहीत माझ्या अक्षरात लिहिले आहे : दहापैकी एक.

तेव्हापासून सुधारणा सुरू झाली. सुटण्याआधी नुसते जगायला शिकणे, हा पहिला धडा ठरला. एक मिनिट सुटायचेच नाही. सपाट पाठीवर राहायचे नाही, थोडे कुशीवर वळायचे, आपले कोपर बरगड्यांशी घट्ट ठेवायचे आणि नाकाने श्वास घ्यायचा. आई वरून म्हणायची, "घे श्वास, मी आहे." चार-पाच दिवसांत पोरगी डोळे उघडे ठेवू लागली. मग हात. एक हात आईच्या गळ्याशी आडवा, दुसरा कमरेशी, म्हणजे मध्ये चौकट तयार होते. हाताने ढकलायचे नाही, हाताने फक्त जागा राखायची. मग पाय रोवून कंबर वर उचलायची, आईचा तोल हलला की कोळंबी, आणि उघडलेल्या फटीत गुडघा घुसवायचा. आधीच्या शंभर कोळंब्या अगदीच फुकट गेल्या असे नाही. कंबर हलत होती, पण कधी हलवायची ते तिला कळत नव्हते.

अलीकडे काही प्रशिक्षक म्हणतात की प्रतिकाराशिवाय केलेला सराव म्हणजे वेळ वाया घालवणे. मला ते पूर्ण पटत नाही. कोपर कुठे ठेवायचे हेच ठाऊक नसेल तर पहिले दोन दिवस शांतपणे केलेले बरे. पण तिसऱ्या दिवशीही जोडीदार शांत असेल तर तो आपल्याला फसवतो आहे, मायेने का होईना.

नंतर मी एक युक्ती काढली. मी पोरीच्या डोक्यामागे बसायचो, आईला दिसेन पण पोरीला दिसणार नाही असा. एक बोट दाखवले की आईने भार पुढे रेटायचा. दोन बोटे म्हणजे कंबर सरकली की तिच्या मागे सरकायचे. तीन म्हणजे पाय टाकून पोटावर चढायला बघायचे. पोरीला काय येणार ते माहीत नसायचे. तिला ते आईच्या अंगावरून ओळखावे लागायचे. याने आकडे पुन्हा खाली आले, सहावरून तीनवर. आधीचा मी असतो तर ओरडलो असतो. आता नुसते लिहिले : दहापैकी तीन, दोन बोटांना अडते. दुसऱ्या दिवशी फक्त दोन बोटे केली.

रोज वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. पाळी बदलली की खाडे व्हायचे, परीक्षेत तर महिनाभर बंद होते. तरी २०२४ च्या ऑगस्टपर्यंत ती दहात सहा-सात वेळा सुटू लागली आणि क्लासमधल्या मोठ्या मुली "हिला धरून ठेवता येत नाही" म्हणू लागल्या.

त्याच साली नोव्हेंबरात पुन्हा स्पर्धा. या वेळी आईही आली. समोरची मुलगी चपळ होती. पहिल्याच मिनिटात तिने पाय ओलांडले आणि छातीवर आली. मी बाटली घट्ट धरून उभा. आमची पोरगी कुशीवर वळली, चौकट लावली, थांबली. तिचे डोळे उघडे होते. मग कंबर उचलली, सरकली, गुडघा आत. सुटली! दुसऱ्यांदा तसेच झाले, पुन्हा सुटली. शेवटी शेवटी तिने समोरच्या मुलीला खालून उलटवलेसुद्धा. लढत पूर्ण चार मिनिटे चालली आणि आम्ही सहा-दोन अशी हरलो.

गुणांचा हिशोब असा : गार्ड ओलांडून दाबून धरले की तीन गुण, ते दोनदा झाले. खालून उलटवले की दोन. आणि साइड कंट्रोलमधून सुटून परत गार्डमध्ये आले तर? शून्य. ज्या गोष्टीसाठी आम्ही घरचे तिघे एवढे महिने झटलो, तिला एकही गुण नाही.

"म्हणजे सुटल्याचं काहीच नाही?" तिची आई सरांवरच रागावली. सर हसले. या वेळी मी आधी पाणी दिले.

गाडीत दिव्यापर्यंत मायलेकींचे तेच चालले होते. त्या मुलीने कुठला पाय आधी टाकला, हात कुठे धरला. पोरीने माझ्याकडून वही मागून घेतली आणि नवे पान काढून वर लिहिले : पाय ओलांडू द्यायचे नाहीत.

सोमवारी रात्री जेवणे झाल्यावर तिच्या आईने खाट भिंतीला उभी केली, ओढणी कमरेला बांधली आणि विचारले, "मी कुठल्या बाजूनं येऊ?"