रेल्वेचा तपास, विमानाचं खातं

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादिका मागे लागली तेव्हा मला आधी हसूच आलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. 'अवर सचिव' ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, वा, किती प्रेमाने 'आपले' सचिव म्हणतात! अवर म्हणजे खालच्या दर्जाचे, हे बाबांनी सांगितलं आणि घरभर हशा पिकला. तरीही लिहितेय सरकारी खात्यांवरच. पानं उलटू नका, प्लीज.

आमचं घर अंधेरी पूर्वेला, शाळा पश्चिमेला. मधे रेल्वेवरचा गोखले पूल. लहानपणी पावसात आई मला फूटपाथवर कठड्याच्या बाजूने चालवायची, गाड्यांपासून लांब. ३ जुलै २०१८ ला सकाळी साडेसातच्या सुमारास त्या पुलाचा फूटपाथच रुळांवर कोसळला. मोटरमनने ब्रेक दाबून लोकल थांबवली म्हणून पुढचं टळलं, पण पाच जण जखमी झाले आणि त्यातल्या एक बाई काही दिवसांनी गेल्या. मी तेव्हा सातवीत होते. आई कितीतरी दिवस त्या कठड्याबद्दल काहीच बोलली नाही.

मग सुरू झालं, पूल कोणाचा? रेल्वे म्हणे महापालिकेचा, महापालिका म्हणे रेल्वेचा. रेल्वेमंत्र्यांनी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून चौकशी जाहीर केली. मी विचारलं, "बाबा, म्हणजे रेल्वेच रेल्वेला विचारणार?" बाबा म्हणाले, "तसंच असतं गं."

तसं नसतं, हे मला कळायला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं. सेमिनारसाठी रेल्वे सेफ्टी हा विषय घेतला होता (खरं सांगायचं तर बाकीचे संपले होते), आणि वाचता वाचता एका ओळीवर थांबले. रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली येतच नाही. तो येतो नागर विमानन मंत्रालयाखाली! मला वाटलं टायपिंगची चूक. चूक नव्हती. केंद्रात कुठलं काम कुठल्या मंत्रालयाचं, हे घटनेच्या कलम ७७ खाली राष्ट्रपतींनी केलेल्या १९६१ च्या कामकाज वाटप नियमांत ठरलेलं आहे, आणि हा आयोग विमानवाल्यांच्या वाट्याला आहे.

गंमत म्हणजे आपली उपनगरंच त्या नियमांचा नकाशा आहेत. अंधेरी स्टेशनवर उभे राहा. खालची लोकल रेल्वे मंत्रालयाची. तिच्यावरून घाटकोपरला जाणारी मेट्रो, म्हणजे केंद्रात गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाचा विषय. डोक्यावरून जाणारं विमान नागर विमाननचं. आणि मुलुंड-भांडुपची मिठागरं? मीठ आयुक्त वाणिज्य व उद्योग मंत्रालयाचे! खातं म्हणजे नुसता मंत्री आणि लाल दिवा (तोही २०१७ पासून गेला) एवढंच मला माहीत होतं.

आधी रेल्वेचे तपासनीस रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. जो गाडी चालवतो त्यानेच आपल्या अपघाताचा दोष शोधायचा. १९४१ मध्ये त्यांना बोर्डापासून तोडून तेव्हाच्या टपाल व हवाई विभागाकडे दिलं. १९६१ मध्ये आजचं नाव मिळालं, आणि पुढे विमान वाहतुकीच्या खात्याबरोबर तेही राहिलं. नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडायचा तर आधी हेच आयुक्त तपासतात. मेट्रोचंही तसंच.

हे सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. आयुक्त बहुतेक रेल्वेच्याच सेवांमधून येतात, आणि त्यांनी केलेल्या शिफारशी अमलात आणायच्या त्या रेल्वेनेच. विमानांच्या बाबतीत तर अपघाताचा तपास करणारा ब्युरो आणि नियम लावणारं महासंचालनालय, दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. दुसऱ्याच्या घरात माणूस ठेवायची अक्कल रेल्वेपुरतीच का सुचली कोण जाणे. तरी मला ती अक्कल आवडली, आणि लगेच महागात पडली.

कारण त्याच आठवड्यात लॅबमध्ये आम्ही एम-२० चे क्यूब फोडत होतो. आमच्या ग्रुपने बनवलेले, आमच्याच ग्रुपने फोडलेले, रीडिंग लिहिणारी मीच. ४५० किलोन्यूटन यायला हवं. एक क्यूब ३८० ला गेला. कोणीतरी म्हणालं, "४६० लिही ना, जर्नल सबमिट करायचंय." मी लिहिलं. हो, मीच. हॉस्टेलवर येऊन मॅगी करताना मला आईचा तो कठडा आठवला आणि मॅगी करपली.

दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन रीडिंगचं सांगितलं. सर चिडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी आमचे क्यूब बी बॅचने फोडावेत आणि त्यांचे आम्ही." बी बॅचने मला शिव्या घातल्या, आमच्या ग्रुपने त्याहून जास्त.

पण अदलाबदल झाली. आमच्या सहापैकी दोन क्यूब गेले, त्यांचे तीन. सरांनी रजिस्टर चाळलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत विचारलं, "मागची चार वर्षं तर सगळ्या बॅचेसचे सगळे क्यूब पास आहेत?"