तुझं चुकलेलं रीडिंग वहीत राहू दे

नागपूर

प्रिय एचसी-एसआर०४,

शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये अंधांसाठीची काठी बनत असो की अडथळा टाळणारी गाडी, पडद्यावर आकडे उड्या मारू लागले की निकाल ठरलेला असतो: ‘सेन्सर गेला, सीताबर्डीच्या बाजारातून दुसरा आण.’ दुसरा येतो आणि तोही तसाच वागतो. यात तुझ्यावर अन्याय होतोच, पण खरं नुकसान होतं ते त्या मुलांचं. शिकण्यासारखं जे होतं, ते सेन्सरबरोबर कचऱ्यात जातं.

तू आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर, पण तू सांगतोस ती वेळ. ट्रिगरला १० मायक्रोसेकंदांचा इशारा मिळाला की ४० किलोहर्ट्झचे ८ स्पंद सोडतोस आणि प्रतिध्वनी परतेपर्यंत इको पिन हाय ठेवतोस. तुझं काम तिथं संपतं. त्या वेळेचे सेंटिमीटर आम्ही करतो, तेही बहुतेकदा ०.०३४ ने गुणून दोनाने भागून. म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांवर, तो ३५८ च्या जवळ जातो आणि एक मीटरवरची भिंत ९५ सेंटिमीटरवर दिसते. हिवाळ्यातल्या पहाटे, १० अंशांवर, तीच भिंत १०१ च्या जवळ जाते. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग दर वेळी नव्याने काढला, की ही चूक जवळजवळ मिटते.

पण उड्या मारणारे आकडे तापमानाने येत नाहीत. तापमानाची चूक शांत असते, एकाच बाजूला झुकलेली. शून्य किंवा अचाट मोठा आकडा आला, तर प्रतिध्वनी परतलेलाच नसतो: पडद्याच्या कापडाने तो शोषला, नाहीतर तिरप्या पाटीने भलतीकडे वळवला. सर्व्हो मोटार हलताच आकडे उसळले, तर पाच व्होल्टची लाइन दबतेय. मोटारीला वेगळा पुरवठा द्यावा, ग्राउंड एकच ठेवावा आणि तुझ्या व्हीसीसी-ग्राउंडवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. आकडा एकाच जागी अडकला, तर तुझ्या सुमारे १५ अंशांच्या शंकूत काठीचंच टोक किंवा टेबलाची कड येत असावी. दोन रीडिंगमध्ये निदान ६० मिलिसेकंद सोडले नाहीत, तर आधीच्या स्पंदाचा प्रतिध्वनी पुढच्याच्या खात्यात जमा होतो.

तुझी खरी परीक्षा आमच्या कूलरमध्ये होते. टाकीत पाणी किती उरलं ते कळावं म्हणून मुलं तुला वरून खाली तोंड करून बसवतात. पंप सुरू झाला की खसच्या ताट्यांतून पाणी टाकीत ठिबकतं, पृष्ठभाग हलतो आणि आकडे नाचू लागतात. पंप दोन मिनिटं बंद ठेवावा. आकडे स्थिरावले, तर तुझ्यात दोष नाही. मग पाच रीडिंग घेऊन ती चढत्या क्रमाने लावावीत आणि मधलं धरावं. सरासरी काढली तर एकच भरकटलेला आकडा सगळा हिशेब बिघडवतो. तरीही आकडे नाचत असतील, तर तुझ्या जाळीवर थेंब बसलेत का ते पाहावं. अशा ओलाव्यात तू फार दिवस टिकणार नाहीस, हेही खरं. पाणी सोसणारा तुझा भाऊ जेएसएन-एसआर०४टी मिळतो, पण त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. कूलरची टाकी उथळ, त्यामुळे ती भरल्यावरच तो आंधळा होतो. म्हणून त्याला पाण्यापासून तेवढा उंच बसवावा लागतो.

हे सगळं मुलांना सापडू शकतं, त्यांना वेळ दिला तर. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सेन्सर बदलून कसंबसं चालणारं मॉडेल मांडण्यात त्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या निमित्ताने शिक्षकांना आणि परीक्षकांनाही आहे. मॉडेलशेजारी एक तक्ता मागा: पट्टीने मोजलेलं अंतर, तुझं रीडिंग, त्या वेळचं तापमान, समोरचा पृष्ठभाग, मोटार चालू की बंद. चुकलेली रीडिंगं त्यात खोडलेली नसावीत. गुण आधी त्या तक्त्याला द्या, मग मॉडेलला.

तुझा,
एक नागपूरकर